शाळेचा निकाल कसा वाचावा?

दहावीचा निकाल लागला कीं शहरांतील शाळांच्या दारांवर मोठमोठे फलक झळकूं लागतात. एका शाळेचा निकाल शेंकडा १००, तर दोन गल्ल्या सोडून असलेल्या महानगरपालिकेच्या शाळेचा शेंकडा ८० असला, तर मुलाचें नांव कोठें घालावें याचा निर्णय पालक तेथेंच करून मोकळा होतो. परंतु या दोन आंकड्यांत शाळांची तुलना खरोखर होते काय?

प्रथम माप पाहिलें पाहिजे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीचा एकंदर निकाल २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ होता, २०१९ सालीं तो ७७.१० वर उतरला आणि २०२० सालीं ९५.३० वर चढला. शिक्षक एका वर्षांत बिघडले व दुसऱ्या वर्षांत सुधारले, असें कोणी म्हणणार नाहीं. भाषाविषयांत शाळेनें द्यावयाचे २० गुण २०१९ सालीं बंद झाले होते, ते पुढील वर्षीं पुन्हां सुरू झाले. २०२१ सालीं तर साथीमुळें लेखी परीक्षाच झाली नाहीं आणि निकाल ९९.९५ लागला. म्हणून शाळेचा आंकडा त्याच सालच्या इतर शाळांच्या आंकड्यांशींच ताडून पाहावा, आणि तोहि एका सालापुरता न पाहतां पांच सालांचा पाहावा.

दुसरा प्रश्न असा कीं, ही शेंकडेवारी कोणाची? ती परीक्षेस बसलेल्यांची असते, शाळेंत शिकणाऱ्या सर्वांची नव्हे. समजा, दोन्ही शाळांच्या नववींत ६० मुलें आहेत. पहिल्या शाळेनें २० कच्च्या मुलांना मागें ठेविलें, किंवा खाजगी विद्यार्थी म्हणून 'सतरा नंबरचा अर्ज' भरावयास सांगितलें. उरलेलीं ४० बसलीं आणि सर्व उत्तीर्ण झालीं. दुसरीनें साठांनाहि बसविलें व त्यांतील ४८ उत्तीर्ण झालीं. फलकावर पहिली शाळा शंभरांची व दुसरी ऐशींची. पण अधिक मुलें पार नेलीं तीं दुसरीनेंच.

तिसरी गोष्ट, मुलें कोठून निघालीं ही. ज्या घरांत अभ्यासाला निराळी खोली आणि शिकवणीला पैसा आहे, तेथील मुलाचे नव्वद टक्के सर्वस्वीं शाळेचे म्हणतां येत नाहींत. इंग्लंडमध्यें माध्यमिक शाळांच्या निकालांचीं कोष्टकें १९९२ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. नुसत्या निकालानें न्याय होत नाहीं हें दिसून आल्यावर, २०१६ पासून तेथें अकराव्या वर्षीं मुलाची तयारी किती होती व सोळाव्या वर्षीं ती किती झाली, यांतील प्रगतीचें माप लावण्यांत आलें.

असें माप हातीं नसलें तरी पालकाला शाळेंत जाऊन विचारतां येतें: तीन वर्षांपूर्वीं आठवींत किती मुलें होतीं? त्यांतील किती दहावीच्या परीक्षेपर्यंत पोंचलीं? मध्येंच गळालेल्यांचें काय झालें? गणितांत मागें पडलेल्या मुलासाठीं शाळा काय करते? ज्या शाळेपाशीं या प्रश्नांचीं सरळ उत्तरें असतील, तिचा निकाल ऐशींचा असला तरी विश्वासाला पात्र आहे. कारण आपलें मूल त्या चाळिसांतलें निघेल कीं विसांतलें, हें प्रवेशाच्या दिवशीं कोणत्याच पालकाला ठाऊक नसतें.