स्वमग्नता-प्रश्नावल्या

मुलांच्या सामाजिक वर्तनात व संप्रेषणात आढळणाऱ्या स्वमग्नतेच्या लक्षणांचे प्रमाण आजमावण्यासाठी वापरण्यात येणारे लेखी प्रश्नसंच. त्यांची उत्तरे मुलाच्या नित्य सहवासातील आईवडिलांनी किंवा शिक्षकांनी द्यावयाची असतात. हाक मारल्यास मूल वळून पाहते काय, आवडलेली वस्तू बोटाने दाखविते काय, इतर मुलांच्या खेळात रमते काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. स्वमग्नतेचे निदान करणारी रक्ततपासणी उपलब्ध नसल्याने वर्तनाच्या निरीक्षणावरच भिस्त ठेवावी लागते. तज्ञाला अल्पकाळात न दिसणारे वर्तन घरच्यांच्या रोजच्या पाहण्यात असते, हे या साधनाचे मुख्य बळ होय.

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या वृत्तांतांवरून या अवस्थेचे वर्णन केले. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथाला पालकांसाठी लक्षणसूची जोडली. पुढे मायकेल रटर व त्यांचे सहकारी यांनी ‘सामाजिक संप्रेषण प्रश्नावली’ (२००३) सिद्ध केली. तीत ‘होय-नाही’ प्रकारचे ४० प्रश्न असून १५ वा अधिक गुण मिळाल्यास सविस्तर तपासणी सुचविली जाते. १६ ते ३० महिन्यांच्या बालकांसाठी २० प्रश्नांची स्वतंत्र सूची आहे. तीत मध्यम गुण मिळाल्यास पालकांची पुरवणी मुलाखत घेतात. जॉन कॉन्स्टँटिनो यांच्या ‘सामाजिक प्रतिसाद मापनश्रेणी’त ६५ विधाने असून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात.

पहिल्या दोन सूची चाळणीसारख्या आहेत, तर तिसरी लक्षणांची मात्रा मोजते. कॉन्स्टँटिनो व टॉड यांनी २००३ मध्ये जुळ्या मुलांच्या ७८८ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ही लक्षणे सर्वसाधारण मुलांतही कमीअधिक प्रमाणात, सलगपणे विखुरलेली आढळली. त्यामुळे ‘स्वमग्न’ व ‘अस्वमग्न’ यांमधील सीमागुण ही निसर्गाने आखलेली रेषा नसून तज्ञांनी सोयीसाठी ठरविलेली मर्यादा ठरते. ती खाली आणल्यास कमी मुले निसटतात, पण अनेकांवर नाहक संशय येतो. वर नेल्यास याउलट घडते.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. १,००० मुलांपैकी १० स्वमग्न असून प्रश्नावली त्यांतील ८० टक्के मुले ओळखते व इतरांपैकी १० टक्के मुलांना चुकीने वेगळी काढते, असे समजू. मग वेगळ्या काढलेल्या १०७ मुलांपैकी केवळ ८ स्वमग्न असतील, ९९ नसतील आणि २ स्वमग्न मुले निसटतील. म्हणूनच अधिक गुण म्हणजे निदान नव्हे आणि कमी गुण म्हणजे निर्वाळाही नव्हे.

बहिरेपणा, बौद्धिक अक्षमता, भाषाविकासातील विलंब किंवा अतिचंचलता यांमुळेही गुण वाढू शकतात. उलट, वरवरचे अनुकरण साधणाऱ्या मुलींची लक्षणे झाकली जाण्याचा संभव असतो. भाषांतर करताना केवळ शब्द बदलून भागत नाही. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे जेथे विनयाचे मानले जाते, तेथे नजरभेटीविषयीच्या प्रश्नाचा अर्थ पालटतो. याकरिता सीमागुण त्या त्या समाजातील मुलांवर पडताळून घ्यावे लागतात. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने तयार केलेल्या ४० बाबींच्या भारतीय मापनश्रेणीत पालकांच्या माहितीला मुलाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिलेली आहे. अंतिम निदान श्रवणतपासणी, विकासाचा पूर्वेतिहास व प्रत्यक्ष निरीक्षण यांच्या आधारे तज्ञच करतात. तथापि लवकर भरलेल्या प्रश्नावलीमुळे मूल वेळीच त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते.