चेस्टनट परत आणायचा तर

अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगररांगांत शंभर वर्षांपूर्वी चेस्टनट हे जंगलाचं धान्याचं कोठार होतं. ओकला एखाद्या वर्षी भरपूर फळं येतात, पुढच्या वर्षी जवळपास नाहीतच. चेस्टनट मात्र थंडीचा कडाका पार ओसरल्यावर, जून-जुलैत फुलतो. त्यामुळे मोहोर गारठून जळत नाही आणि काटेरी बोंडांतून दरवर्षी गोड बिया पडतात. अस्वलं, टर्की, खारी त्यांवरच हिवाळ्याची बेगमी करत.

१९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात या झाडांवर आशियातून आलेली बुरशी आढळली. सालीच्या जखमेतून ती आत शिरते, खोडाला वेढा घालते आणि वरचं झाड वाळतं. पन्नास वर्षांत अब्जावधी झाडं गेली. केवढी ही हानी! मुळं मात्र तगतात, कारण मातीतले सूक्ष्मजीव बुरशीला टिकू देत नाहीत. जुन्या बुंध्यांतून आजही धुमारे फुटतात, मनगटाएवढे जाड होतात आणि पुन्हा रोगाला बळी पडतात.

म्हणून नुसती रोपं लावून भागत नाही. १९८३ साली स्थापन झालेलं अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन चिनी चेस्टनटशी संकर करून रोग सोसणारी झाडं घडवण्याच्या मागे आहे. लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: एकटं झाड स्वतःच्या परागांनी फळत नाही, जवळ दुसरं हवंच.