फुकट मिळालेला कोड आणि त्यावरचं नाव

"एमआयटी लायसन्सचा कोड म्हणजे फुकटच की! उचलून आपल्या प्रॉडक्टमध्ये टाकला, तर बिघडलं कुठे?" हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आज तोच घेऊ.

उचलायला काहीच हरकत नाही. बदला, विका, स्वतःचा कोड बंद ठेवा. एमआयटी, बीएसडी, अपाची या पर्मिसिव्ह, म्हणजे सैल परवान्यांत एवढी सगळी मुभा आहे. पण त्या मुभेला एक अट जोडलेली असते: मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर कोडबरोबर पुढे गेला पाहिजे. आपल्याला वाटतं, ही शिष्टाचाराची गोष्ट आहे, राहिली तर राहिली. तसं नाही. हे ठरलं ते चक्क खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एका खटल्यात.

बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन मॉडेल रेल्वे चालवण्याच्या 'जेएमआरआय' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं काम बघत. त्याचा परवाना होता 'आर्टिस्टिक लायसन्स'. त्यातल्या काही फाइली एका व्यावसायिक प्रतिस्पर्ध्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या; पण लेखकांची नावं, कॉपीराइटच्या ओळी आणि फाइली मुळात कुठून आल्या ही माहिती मात्र गेली नाही. जेकबसन कोर्टात गेले. खालच्या कोर्टाचं म्हणणं पडलं की हा फार तर कराराचा भंग आहे. आता करारभंग म्हटलं की पहिला प्रश्न येतो, नुकसान किती? जी वस्तू फुकट वाटली, तिचं नुकसान रुपया-डॉलरमध्ये कसं मोजणार? पण २००८ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील कोर्टाने हा निर्णय फिरवला. नाव आणि परवाना सोबत ठेवणं ही परवानगीची अटच आहे, ती मोडून केलेली नक्कल कॉपीराइटचा भंग ठरू शकते, असं कोर्टाने सांगितलं. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाला त्यातून काही मिळत नाही असं नाही; नावलौकिक मिळतो, नवे सहकारी मिळतात, हेही कोर्टाने मान्य केलं. पुढे २०१० मध्ये समझोता झाला आणि प्रतिवादीने एक लाख डॉलर देण्याचं कबूल केलं.

आपल्याकडेही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती'च्या व्याख्येत येतो. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याला दिले तरी 'हे मी लिहिलं' असं सांगण्याचा लेखकाचा हक्क शाबूत राहतो.

मग नेमकं करायचं काय? 'अमुक लायब्ररीचे आभार' एवढं लिहून भागत नाही. एमआयटीला कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर, दोन्ही हवेत. बीएसडी आणखी स्पष्ट बोलतं: सोर्स न देता नुसता तयार प्रोग्रॅम दिलात, तरी हा मजकूर त्याच्या कागदपत्रांत किंवा सोबतच्या साहित्यात द्या. अपाची २.० मध्ये आणखी दोन गोष्टी येतात: बदललेल्या फाइलीत बदल केल्याची नोंद करायची, आणि मूळ कोडसोबत 'नोटिस' नावाची फाइल असेल तर तिच्यातला श्रेयाचा मजकूरही पुढे न्यायचा. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'ओपन सोर्स लायसन्सेस' असं एक लांबलचक पान असतं, जे आपण कधी उघडत नाही. ते याच अटीपोटी असतं.

घोटाळा बहुतेक वेळा लबाडीने होत नाही, नकळत होतो. जावास्क्रिप्ट आकसून लहान करणारं टूल कॉमेंट काढून टाकतं आणि त्यांच्याबरोबर कॉपीराइटची ओळही जाते. आपण एक पॅकेज घेतो, ते आणखी दहा ओढून आणतं, आणि त्या दहांचे परवाने कुणी बघत नाही. सर्व्हरवरच राहणारा कोड आपण कुणाच्या हातात देत नाही, तिथे हा प्रश्न सहसा उठत नाही. पण ब्राउझरमध्ये जाणारी जावास्क्रिप्ट किंवा ग्राहकाच्या फोनवरचं ॲप म्हणजे दिलेली प्रतच.

म्हणून सवय लावून घेऊ: कोड घेतला त्याच दिवशी त्याचा परवाना वेगळ्या फाइलीत ठेवायचा, आणि प्रत्येक रिलीजच्या आधी टूलकडून सगळ्या पॅकेजेसची यादी काढून ती फाइल ताडून बघायची. काम अर्ध्या तासाचं. ज्याने रात्री जागून ती लायब्ररी लिहिली, त्याने आपल्याकडे पैसे मागितले नाहीत. मागितलं ते एवढंच, की माझं नाव पुसू नका.