गिटारच्या आधीचं लाकूडकाम

गिटार घडवायचं ठरलं तरी बरेच दिवस गिटारच्या लाकडाला हात लागत नाही. आधी साचे करायचे असतात, तेही साध्या प्लायवूडचे आणि एमडीएफचे. बाजूच्या पट्ट्या वाकवायचा फर्मा, वाकलेल्या पट्ट्या धरून ठेवणारा बाहेरचा साचा, पाठीला आणि वरच्या फळीला बाक देणाऱ्या थाळ्या, फ्रेटच्या खाचांची पट्टी. नव्याने शिकणाऱ्याला ही अडवणूक वाटते. मला घडणीतलं सगळ्यात जोखमीचं काम हेच वाटतं. गिटारमध्ये राहिलेला दोष त्या एका गिटारपुरता असतो. साच्यातला दोष त्यातून निघणाऱ्या प्रत्येक गिटारमध्ये उतरतो.

आज सगळीकडे दिसणाऱ्या १४ फ्रेटच्या ड्रेडनॉट गिटारचा डबा सुमारे ५०८ मिलिमीटर लांब आणि खाली ३९७ मिलिमीटर रुंद असतो. त्याची आकृती मात्र अर्धीच काढायची. मधल्या रेघेपासून एका बाजूचा आकार ६ मिलिमीटरच्या एमडीएफवर कापायचा आणि तोच उलटा करून दुसरी बाजू आखायची. मग दोन्ही अंगं सारखी येतातच. त्या टेम्प्लेटची कड घासताना मी डोळे मिटून बोट फिरवतो. नजरेला न दिसणारा उंचवटा बोटाला लगेच लागतो, आणि तो तिथेच काढावा लागतो, कारण राऊटरच्या बिटवरचं बेअरिंग याच कडेवरून धावणार असतं आणि खड्डा असो वा फुगवटा, जसाच्या तसा उतरवणार असतं.

या टेम्प्लेटवरून १८ मिलिमीटर प्लायवूडचे थर कापून एकावर एक चिकटवले की बाहेरचा साचा होतो. मी पाच थर घेतो. साच्याची उंची गिटारच्या खोलीपेक्षा कमीच हवी. बाजू वर-खाली दोन्हीकडे थोड्या बाहेर राहिल्या तरच पुढे त्यांच्या कडा घासता येतात.

वाकवायचा फर्मा आतल्या मापाचा असतो. बाजूची २ मिलिमीटर जाडी आणि लाकडाला धरणाऱ्या पोलादी पत्र्याची जाडी बाहेरच्या आकारातून वजा करायची. शिसवाची पट्टी ओलसर करून पत्र्यांमध्ये ठेवतात, वर तापणारं सिलिकॉनचं ब्लँकेट. पारा १५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की लाकडातलं लिग्निन मऊ पडतं आणि शिसवाचा गोडसर वास खोलीभर पसरतो. आधी कंबर दाबायची, मग खालचं वळण, मग वरचं. कंबरेशी घाई केली तर तिथेच तडा जातो. गार झाल्यावर पट्टी थोडी उलगडू पाहतेच, म्हणून फर्म्याची कंबर मुळातच जराशी जास्त आवळलेली ठेवतात. आपल्या सह्याद्रीतही वाढणारं हे शिसव मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास ब्राझीलच्या रोजवूडऐवजी वापरायला घेतलं, आणि आज जगभरच्या गिटारांच्या पाठी त्याच्या असतात.

थाळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. गिटारची पाठ आणि वरची फळी सपाट भासतात, पण सपाट नसतात. पाठीचा बाक बहुधा १५ फूट त्रिज्येचा असतो, वरच्या फळीचा २८ फुटांच्या आसपास. ६०० मिलिमीटर व्यासाच्या थाळीत हा बाक मध्यभागी जेमतेम ९.८ आणि ५.३ मिलिमीटर खोल भरतो. एवढ्याशा खोलीसाठी राऊटर वाकड्या रुळांवरून फिरवत थाळी कोरायची. मग फळी थाळीत ठेवून आतल्या आधारपट्ट्या चिकटवायच्या आणि वरच्या फळकुटापासून लवचिक काठ्या टेकवून त्या दाबून धरायच्या. त्याच थाळीला पॉलिश पेपर चिकटवून ती फिरवली की बाजूंच्या कडाही त्याच बाकात घासल्या जातात.

हा बाक हवेसाठीही लागतो. रेषांच्या आडव्या दिशेने लाकूड ओलाव्याने फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. बाक असेल तर आकसताना फळी थोडी खाली बसते, सपाट असेल तर फाटते. म्हणून आपल्याकडे भर पावसात आधारपट्ट्या चिकटवणं मला अजिबात मान्य नाही. फुगलेल्या फळीवर त्या बसवल्या तर मार्च-एप्रिलमध्ये ताण उघडा पडतो. खोलीतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या जवळ आणूनच ते काम करावं. एमडीएफच्या थाळ्यांच्या कडांनाही लाखेचं पॉलिश द्यावं, नाहीतर त्या स्वतःच फुगतात.

फ्रेटच्या पट्टीला हिशेब लागतो. तारेची लांबी ६४५ मिलिमीटर असेल तर तिला १७.८१७ ने भागायचं; पहिली खाच ३६.२ मिलिमीटरवर येते. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, आणि बारावी खाच बरोबर ३२२.५ वर. मात्र आखताना प्रत्येक माप नटपासूनच, म्हणजे तार जिथून सुरू होते त्या टोकापासूनच घ्यायचं, आधीच्या खाचेपासून नाही. नाहीतर केसाएवढी चूक साठत जाते.

वरच्या फळीच्या जाडीला मात्र साचा नाही. स्प्रूसच्या दोन फळ्या एकाच ओंडक्यातल्या असल्या तरी एक २.८ मिलिमीटरवर पुरे म्हणते, दुसरी २.५ पर्यंत खाली न्यावी लागते. हातात वाकवून, बोटाने ठोकून, ऐकून ते ठरवायचं. आकार, बाक आणि मापं साच्यांनी आधीच पक्की केलेली असतात, म्हणून त्या वेळी सगळं लक्ष फळीच्या आवाजाकडे देता येतं.