विश्लेषण : अँजिओग्राफी ‘नॉर्मल’, तरीही हृदयविकार? महिलांवरील संशोधन काय सांगते?

छातीत दुखते म्हणून अँजिओग्राफी केली, एकही ब्लॉकेज सापडले नाही आणि ‘सगळे ठीक आहे, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवले. हा अनुभव येणाऱ्यांमध्ये महिलांचे प्रमाण मोठे आहे. दुखणे मात्र थांबत नाही. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. नोएल बेअरी मर्झ यांनी अनेक वर्षे अशाच महिलांचा अभ्यास केला. त्यातून काय हाती लागले?

अँजिओग्राफीत काय दिसत नाही?

अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या दिसतात. त्यांच्यापासून फुटणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक वाहिन्या दिसत नाहीत. हृदयाच्या स्नायूला नेमके किती रक्त मिळणार, हे बरेचसे याच वाहिन्या ठरवतात. रस्त्याखालची जलवाहिनी मोकळी असली म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी येतेच असे नाही, तसाच हा प्रकार. जिना चढताना किंवा मनावर ताण आला की या वाहिन्या रुंदावायला हव्यात. त्या रुंदावल्या नाहीत, किंवा उलट आकसल्या, तर धमनीत अडथळा नसतानाही स्नायूला रक्त कमी पडते. या स्थितीला ‘इनोका’ म्हणतात. कधी कधी मोठी धमनीच काही काळ आवळली जाते आणि अँजिओग्राफीच्या वेळी ती पुन्हा सैल झालेली असते.

‘वाइज’ अभ्यासात काय आढळले?

१९७३ मध्ये अशा दुखण्याला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव मिळाले. कारण ठाऊक नव्हते. आयुष्याला धोका नाही, असा समज पुढे बराच काळ टिकला. १९९६ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या निधीतून ‘वाइज’ हा अभ्यास सुरू झाला. त्याचे नेतृत्व बेअरी मर्झ यांच्याकडे होते. छातीत दुखण्यासारख्या तक्रारींमुळे अँजिओग्राफी करावी लागलेल्या ९३६ महिला त्यात होत्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक महिलांच्या धमन्यांत रक्तप्रवाह अडवेल असा अडथळा नव्हता.

खरा धक्का पुढे होता. २००९ मध्ये या महिलांची तुलना कोणतीही तक्रार नसलेल्या महिलांशी करण्यात आली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदय निकामी होणे अशा गंभीर घटनांचे पाच वर्षांतील प्रमाण तक्रार नसलेल्या महिलांत २.४ टक्के होते. धमन्या पूर्ण स्वच्छ, पण छातीत दुखते अशा महिलांत ते ७.९ टक्के निघाले. धमन्यांत थोडाफार थर, पण अडथळा नाही अशांमध्ये १६ टक्के. म्हणजे ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलेल्यांचा धोका तिपटीहून अधिक होता.

‘येंटल सिंड्रोम’ म्हणजे काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक डॉ. बर्नाडिन हीली यांनी १९९१ मध्ये हा शब्द वापरला. येंटल ही आयझॅक बाशेविस सिंगर यांच्या कथेतील मुलगी. धर्मग्रंथ शिकता यावेत म्हणून ती पुरुषाचा वेश घेते. हीली यांचे म्हणणे असे, की स्त्रीचा आजार पुरुषासारखा दिसल्याशिवाय तिला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत. योगायोग म्हणजे, १९८३ च्या ‘येंटल’ चित्रपटाच्या नायिका व दिग्दर्शक बार्ब्रा स्ट्रायसँड यांनीच पुढे बेअरी मर्झ यांच्या केंद्राला आर्थिक बळ दिले. केंद्राला नावही त्यांचेच आहे.

निदान आणि उपचार कसे?

विशेष एमआरआय किंवा पेट स्कॅनमध्ये स्नायूला पोहोचणारे रक्त मोजता येते. दुसरा मार्ग कॅथेटरचा. धमनीत ॲडेनोसिन आणि ॲसिटिलकोलीन ही औषधे देऊन वाहिन्या रुंदावतात की आकसतात हे पाहिले जाते. ही चाचणी सगळीकडे होत नाही, ही मोठी अडचण आहे.

ती करायची कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. कारण औषध त्यावर ठरते. धमनी आवळण्याचा त्रास असेल तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर उपयोगी पडतात आणि काही बीटा ब्लॉकर त्रास वाढवू शकतात. बारीक वाहिन्या रुंदावत नसतील तर मात्र बीटा ब्लॉकरच कामी येऊ शकतात. ग्लासगोमधील डॉक्टरांनी १५१ रुग्णांवर केलेल्या ‘कॉरमायका’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. चाचणीचा निकाल पाहून उपचार दिलेल्यांचे छातीतले दुखणे सहा महिन्यांत इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले होते.

हा आजार पुरुषांनाही होतो, पण महिलांत अधिक आढळतो. छातीत दुखण्याऐवजी धाप, अतिथकवा, जबडा किंवा पाठ दुखणे अशीही लक्षणे असू शकतात. ती अचानक आणि तीव्र असतील तर जुना ‘नॉर्मल’ रिपोर्ट हाताशी असला तरी तातडीने रुग्णालय गाठावे. त्रास वारंवार होत असेल, तर ‘ब्लॉकेज नाही, मग दुखते कशाने?’ हे डॉक्टरांना थेट विचारायला हरकत नाही.