कन्फ्यूशस मत : मानव व निसर्ग

निसर्गाविषयीची नीती असा वेगळा विभाग कन्फ्यूशसच्या (इ. स. पू. ५५१–४७९) परंपरेत नाही, तो विचार कर्तव्यविचारातच अंतर्भूत आहे. कन्फ्यूशस गळाने मासे पकडी, पण जाळे वापरीत नसे व विसाव्याला बसलेल्या पक्ष्यावर बाण सोडीत नसे, असे लुन-यू या ग्रंथात नमूद आहे. उपभोग निषिद्ध नाही, परंतु त्याला मर्यादा हवी, असा याचा अर्थ. मेन्सियसने (इ. स. पू. सु. ३७२–२८९) ही मर्यादा राज्यकारभाराशी जोडली. बारीक विणीची जाळी डोहात टाकू न देणे व कुऱ्हाड योग्य ऋतूतच रानात जाऊ देणे, ही त्याच्या मते सुराज्याची सुरुवात होय. जिव्हाळा आप्तांपासून प्रजेकडे व तेथून वस्तुमात्राकडे पसरतो. मात्र तो सर्वत्र सारखा नसतो. उपदेशाप्रमाणे आचरण घडलेच असे नाही. राजधानीजवळचा न्यू पर्वत तोडीने व चराईने उजाड झाल्याचे मेन्सियसच सांगतो.

जपणूक ही परस्परबंधनांवर टिकते, हे या मताचे मर्म भंडारा जिल्ह्यातील तलावांवरून चांगले उलगडते. दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. साम्य वैचारिक आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने भातशेतीसाठी येथे तलाव व बोड्या (लहान तळी) बांधल्या. पुढे मालगुजार तलावाचा मालक ठरला, तरी पाणीवाटप व पाळीची दुरुस्ती गावच्या वहिवाटीने चाले. शेतकऱ्याला पाणी, ढीवरांना मासे व शिंगाडे आणि गुरांना पाणवठा एकाच तलावातून मिळे. ही व्यवस्था समतेची नव्हती. मालगुजाराचा वरचष्मा व वेठ तीत होतीच. तत्कालीन मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्यान्वये १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, हे न्याय्यच झाले. परंतु मालकीबरोबर तिच्याशी निगडित जबाबदारीही गावाबाहेर गेली. तलाव शासनाकडे आले, ‘माजी मालगुजारी’ म्हणून लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले आणि अनेक गाळाने भरले. दुरुस्ती कोणी करावयाची, हा पूर्वी न पडणारा प्रश्न गावकऱ्यांना पडू लागला.

जुन्या भंडारा जिल्ह्यातील, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवर मच्छीमारांनी काही तलावांतील बेशरम ही माजलेली वनस्पती उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. स्थानिक माशांना त्यांतच आसरा व खाद्य मिळते.