सहा चाकूंचा सेट की दोन चाकू आणि एक दगड? स्वयंपाकघरासाठी चाकू घेताना काय पाहाल?

लाखनी (जि. भंडारा) : नवा चाकू पहिले काही दिवस टोमॅटो अलगद कापतो. महिना-दोन महिन्यांत तोच चाकू साल कापण्याआधी टोमॅटो दाबू लागतो, मग डब्याच्या तळाशी जातो आणि बाजारातून दुसरा येतो. दरवेळी खर्च पन्नास-साठ रुपयांचा असल्याने कुणी हिशेब ठेवत नाही. बोथट चाकूचा खरा फटका मात्र हाताला बसतो. जोर जास्त लावावा लागतो, पाते घसरते आणि बोट कापते. थोडी माहिती घेऊन खरेदी केली, तर साधारण हजार-बाराशे रुपयांत अनेक वर्षे पुरतील असे दोन चाकू आणि धार लावायचा दगड घरी येऊ शकतो.

राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी आज चाकू तीन ठिकाणांहून येतो : भांड्यांचे दुकान किंवा बाजारातील पाल, लोहार आणि मोबाइलवरील शॉपिंग अॅप. तिन्हीकडे चांगला माल मिळतो आणि तिन्हीकडे फसगतही होते. भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. भांडे घेताना वजन आणि आवाज पाहायची सवय इथल्या माणसाला आहे. चाकूला मात्र ही कसोटी लागू होत नाही. जड चाकू म्हणजे चांगला चाकू, असे समीकरण नाही.

पावशी असताना चाकू कशाला?

विदर्भात विळीला पावशी म्हणतात. तिचे पाते स्थिर असते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. त्यामुळे मामा तलावातला रोहू किंवा कटला साफ करायचा असेल, तर आजही पावशीच सोयीची. निसरडा मासा दोन्ही हातांनी घट्ट धरता येतो. सांभार, पालेभाजी किंवा वांगी चिरण्यातही सरावलेल्या हाताचा वेग चाकूला गाठता येत नाही.

अडचण बसण्याची आहे. पावशीसाठी जमिनीवर बसावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांना ते जमत नाही आणि नव्या घरांत स्वयंपाक ओट्यावर उभ्यानेच होतो. लहान मूल रांगत असेल, तर उघडे उभे पाते धोक्याचेही ठरते. म्हणून पावशी काढून टाकण्याची गरज नाही. ओट्यावरच्या कामासाठी तिच्या जोडीला चांगला चाकू हवा.

धार जाते म्हणजे नेमके काय होते?

चाकूची धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती अतिशय पातळ कड. वापरताना ही कड तीन प्रकारे बिघडते : ती एका बाजूला वळते, झिजून गोल होते किंवा तिचे बारीक कपचे उडतात.

पोलाद मऊ असेल तर कड लवकर वळते. फार कडक असेल तर कपचे उडतात. स्टीलच्या ताटात, ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेच्या पाटावर भाजी कापली तर कोणताही चाकू लवकर बोथट होतो, कारण पाते प्रत्येक वेळी कठीण पृष्ठभागावर आपटते. लाकडी किंवा जाड प्लास्टिकचा पाट हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

बोथट चाकूचा संबंध कांद्याच्या पाण्याशीही आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बोथट पात्याने कांदा कापताना रसाचे थेंब जास्त प्रमाणात आणि जास्त वेगाने उडतात. बोथट पाते कांद्याची साल आधी दाबते, आत दाब साठतो आणि साल फाटताच रस बाहेर फवारतो. डोळे झोंबतात ते त्यामुळे.

पोलाद कोणते? आकडे काय सांगतात?

चाकूच्या पोलादात दोन घटक महत्त्वाचे : कार्बन आणि क्रोमियम. कार्बनमुळे पाते कडक होते, क्रोमियममुळे गंज रोखला जातो. इंग्लंडमधील शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत यासाठी त्यांचे काम सुरू होते. त्या पोलादाचा उपयोग पुढे सुऱ्या-चाकूंसाठी झाला.

पाकिटावर किंवा पात्यावर आकडे असतील, तर ते असे वाचावेत :

• ४२० किंवा ४२०जे२ : स्वस्त चाकूंत सर्रास वापरले जाणारे पोलाद. गंज कमी धरते, पण कार्बन कमी असल्याने धार लवकर जाते. लहान चाकूसाठी चालते.

• १.४११६ : सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असलेले युरोपीय पोलाद. धार, गंजरोधकता आणि सहज धार लावता येणे या तिन्हींचा चांगला मेळ. घरगुती वापरासाठी पुरेसे.

• १८/८ किंवा ३०४ : हे भांड्यांचे स्टील. त्यात निकेल असते आणि तापवून थंड केल्याने ते कडक होत नाही. भांड्याला उत्तम, चाकूच्या पात्याला निरुपयोगी.

कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. ४२० गटातील चाकू साधारण ५० ते ५३, तर १.४११६ चे चाकू ५५ ते ५७ दरम्यान असतात. काही जपानी चाकू ६० च्या पुढे जातात. त्यांची धार बराच काळ टिकते, मात्र हाड किंवा कठीण बी लागले की कड तुटू शकते आणि किंमतही बरीच असते.

आकडा लिहिलेला नसेल तर?

बाजारातल्या बहुतेक स्वस्त चाकूंवर आकडा नसतो. तेव्हा खिशात एक लहान लोहचुंबक असावा. तो पात्याला अजिबात चिकटला नाही, तर ते भांड्यांच्या गटातील स्टील असण्याची शक्यता मोठी. असा चाकू घेऊ नये. चिकटला म्हणजे चाकू उत्तमच, असे मात्र नाही. धार न धरणारी काही स्टीलही चुंबकाला चिकटतात. ही चाचणी वाईट माल बाजूला काढण्यापुरती आहे.

लोहाराकडचा चाकू घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही. अनेकदा तोच सर्वांत परवडणारा ठरतो. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांपासून विळे, कोयते आणि सुऱ्या घडवण्याची पद्धत देशभर आहे. या पट्ट्यांचे स्प्रिंग पोलाद चांगला कार्बन असलेले असते. भंडारा जिल्ह्यातच वरठी येथील सनफ्लॅगच्या कारखान्यात वाहन उद्योगासाठी विशेष पोलाद तयार होते. गाडीचा भार वर्षानुवर्षे सोसणारे पोलाद स्वयंपाकघरात सहज टिकते.

खरे कौशल्य पाणी देण्यात आहे. पाते लालभडक तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते एकदम कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून ठिसूळपणा कमी करतात. दुसरी पायरी गाळली तर चाकू पडल्यावर तुटतो. पहिली नीट झाली नाही तर धार राहत नाही. चाकू घडवायला देताना ‘पाणी दिले का?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

या चाकूला गंज लागतो, हे लक्षात ठेवावे. कांदा, लिंबू, चिंच यांनी पाते काळपट पडते. तो रंग निरुपद्रवी आहे. लालसर गंज मात्र घासून काढावा. काम झाल्याबरोबर धुऊन, कोरडे पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला की पुरे. लाकडी मुठीला वर्षातून एक-दोनदा जवसाचे तेल लावून वाळू दिले, तर लाकूड फाटत नाही.

हातात घेऊन काय पाहावे?

पात्याची पाठ पाहावी. भाजीच्या चाकूची पाठ दीड ते दोन मिलिमीटर जाड असावी आणि पाते धारेकडे पातळ होत गेलेले असावे. जाड पाते कोहळ्यात किंवा गाजरात शिरताना पाचरीसारखे अडकते.

मूठ पाहावी. पाते मुठीत खोलवर गेलेले हवे. मुठीच्या दोन बाजूंमधून पोलादाची पट्टी दिसत असेल आणि खिळे घट्ट असतील, तर जोड मजबूत समजावा. प्लास्टिकची मूठ एकसंध हवी. पाते आणि मूठ यांच्यात फट असेल तर तिथे पाणी व भाजीचा मळ साचतो. ओल्या हातातून निसटणारी गुळगुळीत स्टीलची मूठ टाळावी.

शेवटी पाते डोळ्यांसमोर धरून धार सरळ आहे का, ते पाहावे.

किती चाकू हवेत आणि खर्च किती?

बहुतेक घरांना दोन पुरतात. पहिला आठ ते दहा सेंटिमीटर पात्याचा लहान चाकू : सोलणे, देठ काढणे, मिरची, लिंबू. चांगल्या कंपनीचा असा चाकू दीडशे ते चारशे रुपयांत मिळतो. दुसरा १५ ते १८ सेंटिमीटर पात्याचा, थोडा रुंद चाकू : कांदा, कोबी, कोहळे, चिकन. त्यासाठी चारशे ते सातशे रुपये ठेवावेत. राहिलेल्या पैशांत दगड घ्यावा.

दातेरी चाकू टोमॅटो आणि पावासाठी छान, पण त्याला घरी धार लावता येत नाही. त्यामुळे तो स्वस्तातलाच घ्यावा. सहा नगांच्या सेटमध्ये बहुधा दोन-तीनच चाकू वापरात राहतात आणि तेवढ्याच पैशांत पोलाद हलके मिळते. हाडे तोडायला पातळ चाकू वापरू नये. ते काम कोयत्याचे किंवा मटणाच्या दुकानातूनच करून घ्यायचे.

घरी धार कशी लावायची?

साधारण १००० ग्रिटचा, पाण्यावर चालणारा दगड घ्यावा. एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत असा जोडदगड असेल तर उत्तम.

१. दगड दहा मिनिटे पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही.

२. चाकू दगडावर टेकवून पाठ थोडी उचलावी. रुंद चाकूची पाठ करंगळीच्या जाडीएवढी, लहान चाकूची पेन्सिलच्या जाडीएवढी उचलली, की कोन १५ ते २० अंशांच्या आसपास येतो.

३. हा कोन न बदलता पाते टोकापासून मुठीपर्यंत दगडावर फिरवावे. दुसऱ्या बाजूच्या कडेवर किंचित खरखर जाणवू लागली, की बाजू बदलावी. खरखर तपासताना बोट धारेवरून नव्हे, पाठीकडून धारेच्या बाहेर न्यावे.

४. शेवटी दोन्ही बाजूंनी अगदी हलक्या हाताने काही फेरे द्यावेत. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली, म्हणजे धार आली.

दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची, चकाकी नसलेली खरखरीत कड तात्पुरती उपयोगी पडते. खाचेतून ओढायची शार्पनर सोपी असतात, पण पोलाद जास्त खरवडतात. लांब स्टीलची सळई वळलेली कड सरळ करते. गेलेली धार ती परत आणत नाही.

फिरत्या चाकावर धार लावून घेताना कडेवर निळसर झाक येते का, याकडे लक्ष ठेवावे. पाते जास्त तापल्याची ती खूण आहे. तेवढा भाग मऊ पडतो आणि धार टिकत नाही. मधून मधून पाण्यात बुडवायला सांगावे.

ऑनलाइन घेताना कोणती काळजी घ्यावी?

उत्पादनाच्या वर्णनात पोलादाचा प्रकार, पात्याची लांबी आणि जाडी आहे का, ते पाहावे. ‘हाय कार्बन’, ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ एवढेच लिहिले असेल तर त्यातून काही कळत नाही. चारशे-पाचशे रुपयांच्या चाकूवरील लाटांची नक्षी बहुधा वरवर कोरलेली असते. तिचा धारेशी संबंध नसतो. रंगीत लेपाचेही तेच.

पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

मोठा चाकू घरी ठेवणे गुन्हा आहे का?

स्वयंपाकाचा असेल तर नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. मात्र घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या चाकूंना त्यातून वगळले आहे. घरच्या कामाला सात इंचांचे पाते पुरते.

हात कापला तर काय करावे?

जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरावी आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उघडता दाबून ठेवावी. हळद, चहापत्ती किंवा राख भरू नये. रक्त थांबत नसेल, बोट बधिर झाले असेल किंवा वाकवता येत नसेल, तर तातडीने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पाते गंजके असो वा चकचकीत, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

चाकू चमच्यांच्या स्टँडमध्ये उघडा ठेवू नये किंवा खरकट्या पाण्यात बुडवून सोडू नये. भांडी घासणाऱ्याला तो दिसत नाही. पुठ्ठा दुमडून चिकटपट्टी लावली, की फुकटात म्यान तयार होते. जुना चाकू टाकायचा असेल, तर तो असाच पुठ्ठ्यात गुंडाळून भंगारवाल्याच्या हातात द्यावा, घंटागाडीत सुटा टाकू नये. त्याआधी मात्र एकदा दगडावर फिरवून पाहावा. डब्याच्या तळाशी पडलेल्या चाकूंपैकी एखादा पुन्हा कामाला येऊ शकतो.